हेडफोनचा खर्ज, हेडफोनची जवारी

भाच्याची बारावी संपली तेव्हा त्याला हेडफोन घेऊन द्यायचं मी कबूल केलं होतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर सात-आठ खोकी मांडली आणि प्रत्येक खोक्यावर 'बास' हा शब्द कुठल्या ना कुठल्या विशेषणाच्या खांद्यावर बसलेला. भाच्यानं एक जोडी डोक्यावर चढवली, दोन वेळा मान डोलावली आणि म्हणाला, "मामा, हाच." घेतला. रात्री घरी मी त्यावर भीमसेन जोशींचा एक अभंग लावला. ताल कानावर गादी झोडपावी तसा आदळत होता, पंडितजी गोधडीत तोंड खुपसून गात होते आणि टाळकरी बहुधा वाटेतूनच परत फिरले होते.

तेव्हापासून कुणी "भरपूर बास आणि क्लिअर आवाज असलेला हेडफोन सांगा" म्हटलं, की मी मॉडेलचं नाव सांगण्याआधी थांबतो. बऱ्याच जणांना वाटतं की या दोन गोष्टींचं आपसात वैर आहे, एक घेतली की दुसरी सोडावी लागते. तसं नाही. भाच्याच्या हेडफोनमध्ये बास जास्त नव्हता. तो चुकीच्या जागी होता.

माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. पियानोची सगळ्यात खालची पट्टी 27.5 हर्ट्झची, बास गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झची. गायकानं काळी एकचा सा धरला तर तो 139 हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या जवळ लागते. आता बासचा खालचा मुलूख तीन मजल्यांचा आहे असं समजा. 60 हर्ट्झच्या खाली तळघर. तिथला आवाज ऐकू येतो त्यापेक्षा जाणवतो जास्त. 60 ते 120 हा दणक्याचा मजला, ढोलाचा आणि किक ड्रमचा. त्याच्यावर, 150 ते 300 हर्ट्झच्या पट्ट्यात, आवाजाचा गुबगुबीतपणा राहतो. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण 85 ते 180 हर्ट्झचा आणि बाईच्या बोलण्याचा 165 ते 255 हर्ट्झचा, म्हणजे माणसांची वस्तीही याच भागात आहे.

स्वस्त हेडफोनला तळघरात उतरता येत नाही. मग बनवणारे सोपी युक्ती करतात आणि वरचा, गुबगुबीत मजला फुगवतात. दुकानात अर्धा मिनिट ऐकलं की वाटतं, वा, काय बास आहे! पण त्या फुगवट्याखाली गायकाची छाती चिरडते. शिवाय कानाची एक खोड आहे: खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात, वरचे खालच्यांना तेवढे झाकत नाहीत. म्हणून 200 हर्ट्झच्या आसपास चरबी वाढली की टाळ, स्वरातला श्वास, सतारीची नखी सगळं अंधारात जातं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बद्द. खरा खोल बास बद्द नसतो. तो येतो, दणका देतो आणि पुढच्या क्षणी निघून जातो.

स्पष्टतेचं म्हणाल तर तिच्यासाठी मला मिरजेला जावं लागेल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासत बसतो, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतो, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. एका जागेवर ती तार अचानक बोलायला लागते. ही जवारी. तार तीच, सूरही तोच, पण वरचे सगळे उपस्वर जागे होतात आणि एका तारेतून झुंबर लागल्यासारखं वाटतं. हेडफोनची स्पष्टता म्हणजे हे उपस्वर तुमच्यापर्यंत जसेच्या तसे पोचणं.

इथेही फसवणूक असते. 6 ते 9 हजार हर्ट्झचा भाग उगाच उचलला की पहिल्या ऐकण्यात सगळं 'क्रिस्प' वाटतं. दहा मिनिटांनी प्रत्येक स, श आणि च दातांतून शिट्टी मारल्यासारखे टोचायला लागतात. बास फुगवायचा आणि ही वरची धारही लावायची, अशा दुहेरी नटवेपणानं बाजारातला बराच माल विकला जातो. मधला भाग, जिथे माणसाचा गळा असतो, तो खोल दरीत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हिच्यासाठी पैसे लागत नाहीत आणि तरी दहातले आठ जण ती करत नाहीत. हेडफोन कानाला नीट बसणं.

मोठ्या स्पीकरला खोल बास द्यायला खोलीभर हवा हलवावी लागते. कानात घालायच्या बोंडाला जेमतेम कानाच्या नळीएवढी हवा दाबायची असते, म्हणून 10 मिलिमीटरचा पडदाही 20-30 हर्ट्झपर्यंत उतरू शकतो. अट एकच, ती नळी बंद हवी. बारीकशी फट राहिली की सर्वात आधी खालचा बास गळतो. वरचे सूर शाबूत राहतात आणि तुम्ही म्हणता, "याला बासच नाही." दुकानात किंवा घरी एक परीक्षा करा. गाणं चालू असताना दोन्ही बोंडं बोटांनी हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला तर दोष रबराच्या टोपीचा आहे, हेडफोनचा नाही. खोक्यात तीन मापांच्या टोप्या येतात. बहुतेक लोक मधली चढवून मोकळे होतात. अनेकांचा उजवा आणि डावा कान सारखा नसतो, तेव्हा एकीकडे मधली आणि दुसरीकडे मोठी बसवायला लाजू नका. तरीही जमलं नाही तर फोमच्या टोप्या मिळतात. चिमटीत दाबून कानात घालायच्या, त्या आत फुलतात आणि फट बुजवतात.

डोक्यावरच्या मोठ्या हेडफोनचंही तेच. चष्म्याची जाड काडी गादीखालून जाते आणि तिथून बास निसटतो. जाड केसांची बट मधे आली तरी निसटतो. लग्नात हौसेनं घातलेली भिकबाळी तशीच ठेवून हेडफोन वापरणारा एक मित्र "डावीकडे बास कमी येतो" म्हणून जोडी बदलून घ्यायला निघाला होता. चष्मेवाल्यांनी पातळ काडीची फ्रेम असेल तर ती घालून बघावी आणि गाद्या मऊ, खोल आहेत ना हे आधी तपासावं.

प्रकारांबद्दल फार बोलत नाही. खोल बास हवा असेल तर रबरी टोपीचे इन-इअर किंवा कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन घ्या. कानाच्या पाळीवर नुसते टेकणारे छोटे हेडफोन ना धड बंद ना धड उघडे, आणि तासाभरात कान दुखवतात. टोपीशिवाय कानात लटकणारी बोंडं आरामशीर आणि रस्त्यावर सुरक्षित असतात, पण त्यांच्याकडून तळघराची अपेक्षा धरू नका. मागून जाळीचे, उघडे हेडफोन वेगळ्या जातीचे. आवाज मोकळ्या अंगणातून आल्यासारखा येतो, गळा सुरेख उमटतो, बास मात्र तळाला विरळ होत जातो. 1997 मध्ये आलेला सेनहायझरचा एचडी 600 याचा नमुना. गायकी ऐकणारे त्यावर जीव टाकतात. भाच्यासारख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

खोक्यावरचे आकडे वाचण्यात वेळ घालवू नका. "50 एमएम ड्रायव्हर" म्हणजे जास्त बास असं गणित नाही. पडदा कसा बांधलाय आणि त्याच्यामागची पोकळी कशी आखलीय, यावर सगळं ठरतं. "20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ" हे तर प्रत्येकावरच छापलेलं असतं. किती डेसिबलच्या चढउतारात, हे दिलेलं नसेल तर तो आकडा लग्नपत्रिकेतल्या 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'इतकाच कामाचा. एक आकडा मात्र बघा: ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते. मोबाइलला थेट जोडायचे असतील तर 16 ते 32 ओहमचे बरे. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा बंद, खोल बासचा भक्कम हेडफोन 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळतो. त्यातला 250 वाला वेगळ्या ॲम्प्लिफायरशिवाय फोनवर मरगळतो आणि लोक हेडफोनला नावं ठेवतात.

ब्लूटूथ की वायर? पैसे मोजकेच असतील तर माझं मत वायरच्या बाजूनं. त्याच किमतीत ब्लूटूथवाल्याला बॅटरी, चिप, माइक, चार्जिंगची डबी असं सगळं बसवायचं असतं आणि पडद्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड हजाराच्या आत मिळतो. कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतींच्या, नावांवरून फार भांडू नये. एलडॅक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत नेतं, साधं एसबीसी 328 पर्यंत, सीडीवर 1,411 असतात, हे खरं. पण सैल बसलेल्या टोपीनं होणारं नुकसान या फरकापेक्षा कितीतरी मोठं असतं. जाता जाता एक गोष्ट. लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना ब्लूटूथ हेडफोनवर गाणं एकदम टेलिफोनसारखं झालं तर घाबरू नका. माइक चालू झाला की जोडणी बोलण्याच्या, हलक्या प्रतीवर जाते. माइक बंद केला की आवाज पूर्ववत येतो.

दुकानात ऐकायचं कसं, हे आता सविस्तर सांगतो, कारण खरी निवड तिथे होते. पहिलं, दुकानदाराचं गाणं ऐकू नका. त्याच्याकडचं गाणं त्याच्या मालाला शोभणारंच असतं. स्वतःच्या फोनमध्ये चार-पाच गाणी चांगल्या प्रतीत उतरवून न्या. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाची प्रत सर्वात वरची निवडलीय ना, हे घरूनच बघून निघा.

दुसरं, आवाजाची पातळी. दोन हेडफोनमध्ये जो थोडा मोठ्यानं वाजतो तो आपल्याला हटकून चांगला वाटतो. कानाचा हा भोळेपणा विक्रेत्यांना पक्का ठाऊक असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं होतं की आवाज लहान असताना कान खालच्या सुरांना कमी दाद देतो आणि मोठा केला की तेच सूर भरून येतात. म्हणजे मोठ्यानं वाजणारा हेडफोन आपोआप जास्त बासचा वाटणार. म्हणून तुलना करताना गायकाचा गळा दोन्हीवर सारख्याच जोरानं ऐकू येईल असा आवाज लावा, आणि मग बास तोला. शेवटी अगदी हळू आवाजात ऐका. हळू असतानाही ज्याचा तळ टिकतो आणि शब्द कळतात, तो घ्यावा.

गाणी कुठली? तबल्याचं एकलवादन जरूर असू द्या. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड चांगल्या हेडफोनवर एका सुरातून दुसऱ्यात वाहत जाते. बद्द हेडफोनवर नुसतं 'बुम्म' होतं, सूर कुठून कुठे गेला ते कळतच नाही. उजव्या तबल्याच्या 'ना'लाही सूर असतो. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल होतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर'मधून जगाला सांगितलं होतं. ज्या हेडफोनवर 'ना' म्हणजे फक्त 'टक' असा आवाज येतो, त्याची जवारी गेलेली आहे.

ढोल-ताशाचं एखादं बरं ध्वनिमुद्रण घ्या. ढोलाचा दणका बसत असताना ताशाची तर्री दाणा-दाणा सुटी ऐकू यायला हवी. दोन्हींची मिळून खिचडी झाली तर पुढचं खोकं उघडायला सांगा. 'सैराट'ची गाणी या कामाला फार उपयोगी. अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केला होता. 'झिंगाट'वर दणका तपासा आणि लगेच 'याड लागलं'वर व्हायोलिनचे थर वेगळे दिसतात का ते. एकाच हेडफोननं दोन्ही निभावली तर अर्धं काम झालं.

तंबोरा मात्र बास तपासायला वापरू नका, स्पष्टतेसाठी वापरा. कारण मजेशीर आहे. फोनच्या टिचभर स्पीकरमधून 69 हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाहीत, तरी खर्जाची तार ऐकू आल्यासारखी वाटते. उपस्वर ऐकून मेंदू पायाचा सूर स्वतःच भरून काढतो. खर्ज आहे की भास, हे ठरवायला यूट्यूबवर 20 हर्ट्झपासून हळूहळू वर जाणारा सलग सूर मिळतो, तो बेताच्या आवाजात लावा. चांगल्या जोडीवर 30-35 च्या आसपास गुरगुर जाणवू लागते. 70-80 पर्यंत शांतता आणि मग एकदम उसळी, असं असेल तर तळघर बांधलेलंच नाही.

आणि शेवटी कुणाचं तरी नुसतं बोलणं ऐका. बातम्या, कथाकथन, काहीही. ओळखीचा आवाज पडशातला वाटला तर मधली चरबी जास्त, पत्र्याच्या डब्यातला वाटला तर कमी.

लोकलनं जाणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब. गाडीची घरघर खालच्या सुरांचीच असते आणि ती तुमच्या गाण्याचा बास गिळते. मग माणूस आवाज वाढवतो, बास बूस्ट लावतो आणि घरी आल्यावर तोच हेडफोन भणाणतो. नॉइज कॅन्सलिंग नेमकं इथे कामाला येतं. उलटी लहर सोडून ते खालची सलग घरघर चांगली पुसतं. शेजारच्यांच्या गप्पा आणि फेरीवाल्याची हाक त्यातून येतच राहते. ही कल्पना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी 1978 मध्ये झ्युरिकहून परतताना विमानात कागदावर मांडली. विमान कंपनीनं दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीत त्यांना संगीत नीट ऐकू येईना. मात्र फलाटावर, रूळ ओलांडताना किंवा दुचाकीवर हेडफोन कानात नको.

किती बास हवा हा शेवटी आवडीचा भाग आहे. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं की सरळ सपाट बासपेक्षा थोडा उचललेला बास बहुतेकांना आवडतो, आणि तरुणांना त्याहून थोडा जास्त. त्या कामातून निघालेल्या 'हार्मन कर्व्ह'वर आज बऱ्याच कंपन्या हेडफोन बेततात. त्यातली बासची उचल साधारण 100 हर्ट्झच्या खाली ठेवलेली असते, गळ्याला धक्का न लावता. परीक्षण वाचताना ध्वनीचा आलेख दिसला तर एवढंच बघा: डोंगर 100 च्या डावीकडे उतरून गेलाय, की 200-300 वर फुगून बसलाय.

नावं हवीच असतील तर थोडी देतो. किमती बदलत राहतात, तेव्हा खात्री करून घ्या. दोन हजारांच्या आसपास वायरचा इन-इअर सेव्हन हर्ट्झ झीरो 2: बास नेमका खालून उचललेला, गळा मोकळा. डोक्यावरचा बंद हवा असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एम 50 एक्स किंवा वर सांगितलेला डीटी 770. स्टुडिओंत 1991 पासून दिसणारा सोनीचा एमडीआर-7506 स्पष्टतेत उजवा, बासमध्ये सोज्वळ. भाच्यासाठी आज घ्यायचा असता तर पहिला घेऊन उरलेल्या पैशांत दोघं मिसळ खाऊन आलो असतो.

हातात असलेला हेडफोन बद्द असेल तर फेकण्याआधी इक्वलायझर उघडा. आपली पहिली चूक म्हणजे बासची पट्टी वर ढकलणं. उलट करा. 200-250 हर्ट्झची पट्टी 3-4 डेसिबल खाली आणा. बास कमी न होता गळा बाहेर येतो. तळ वाढवायचाच असेल तर 60 च्या आसपासची पट्टी थोडी उचला आणि जेवढी उचलली तेवढा एकूण आवाज ॲपमधल्या 'प्रीॲम्प'नं कमी करा. नाही तर मोठ्या जागी आवाज फाटतो. 10 डेसिबल वाढवणं म्हणजे दहापट ताकद मागणं, एवढं ध्यानात ठेवलं की हात आपोआप आवरतो.

कानांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलला मोठ्या माणसानं आठवड्याला 40 तास ऐकलं तर चालतं, 90 डेसिबलला फक्त 4 तास. खोल, स्वच्छ बास कानाला टोचत नाही, म्हणून तो मोठा झालेला कळत नाही. ऐकून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो आवाज तुमच्यासाठी जास्त होता.

भाच्याचा तो हेडफोन अजून घरात आहे. 220 हर्ट्झ चार डेसिबल खाली, एवढ्या एका बदलानं पंडितजी गोधडीतून बाहेर आले. टाळकरीही परतले, थोडे उशिरा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या गाद्यांचं काळं रेक्झिन पापडासारखं सुटायला लागलं आणि बास पुन्हा गळू लागला. भाचा म्हणाला नवीन घेऊ. मी गादीचं माप घेतलं, तीनशे रुपयांत दुसरी जोडी आणली आणि जुनी खेचून काढून नवी खाचेत बसवायला त्यालाच लावलं. पाऊण तास झटापट केली त्यानं. मग कानाला लावून बघितलं, मान डोलावली आणि या वेळी नुसतं ऐकत बसला.